स्वमग्न मुलांची पारख : एक पूर्ववृत्त

शाळेच्या कपाटांत पडून राहिलेलें एखादें जुनें प्रगतिपुस्तक हें इतिहासाचें साधन होऊं शकेल, असें मला पूर्वीं कोणीं सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारीं नेलें असतें. बखरी, ताम्रपट, सनदा आणि पत्रव्यवहार एवढ्यांनाच आपण साधनें म्हणत आलों. परंतु ज्या विषयाचें पूर्ववृत्त आज मी आपणांपुढें मांडणार आहें, त्याचें एक अस्सल साधन माझ्याच हस्ताक्षरांत आहे. आणि तें मला मुळींच भूषणावह नाहीं.

१९८८ सालीं नाशिकमधील एका प्राथमिक शाळेंत तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. त्या वर्गांत एक मुलगा होता. आपल्या मुख्य स्थानकावरून कोणत्या गांवची एस्. टी. किती वाजतां सुटते, हें तो जराहि न अडखळतां सांगे. मात्र नांवानें हांक मारली असतां मान वर करीत नसे. प्रश्न विचारला कीं उत्तर न देतां तोच प्रश्न जसाच्या तसा परत उच्चारी. शाळेची घंटा वाजूं लागली कीं दोन्ही कान घट्ट झांकून बांकाखालीं बसे. हा माझी थट्टा करतो असें मला वाटे. वर्गाबाहेर उभें करणें, हातावर छडी मारणें, हे सर्व उपाय मीं केले, आणि वर्षाच्या शेवटीं शेरा लिहिला : “मठ्ठ व उर्मट. लक्ष देत नाहीं.” पुढच्या वर्षीं वडिलांनीं त्याला शाळेंतून काढून घेतलें. प्रगतिपुस्तक नेण्यासहि कोणी आलें नाहीं. निवृत्त होतांना कपाट आवरूं लागलों तेव्हां तें माझ्या हातीं आलें.

त्या मुलाची पारख करण्याचा अधिकार मला नाहीं; तें काम तज्ज्ञांचें आहे. परंतु मीं वर्णन केलेलीं लक्षणें आज कोणा जाणत्या शिक्षकानें पाहिलीं, तर त्याच्या मनांत ‘स्वमग्नता’ हा शब्द आल्यावांचून राहणार नाहीं. ज्या अवस्थेला जगांत १९४३ सालींच नांव मिळालें होतें, ती पंचेचाळीस वर्षांनंतर नाशिकच्या एका मास्तराला दिसली कां नाहीं? या एका प्रश्नाचें उत्तर शोधीत मी आज थोडा मागें जाणार आहें.

प्रथम शब्दांकडे पाहूं. अशा मुलांसाठीं आपल्या भाषेंत शब्द नव्हते असें नाहीं. घुमा, एकलकोंडा, खुळा, वेडसर, मठ्ठ – शब्दांची वाण कधींच नव्हती. परंतु यांतील प्रत्येक शब्द मुलाला दूर सारणारा आहे. त्याला काय हवें, हें सांगणारा एकहि नाहीं. कायद्याची भाषा याहून निराळी नव्हती. १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टनें ‘वेडा’ या एकाच व्याख्येंत जन्मतः अल्पबुद्धि असलेला आणि पुढें मनोविकार जडलेला, अशा दोघांनाहि बसविलें होतें. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रद्द केला, आणि नवा कायदा अंमलांत येण्यास १९९३ साल उजाडलें. म्हणजे मीं तो शेरा लिहिला, त्या वर्षीं शहात्तर वर्षांपूर्वींचीच व्याख्या सरकारदरबारीं चालू होती.

शब्दानंतर माप आलें. पॅरिस येथें आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनीं १९०५ सालीं बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. नेहमींच्या शिक्षणांत मागें पडणारीं मुलें वेळींच ओळखावीं व त्यांना निराळें शिक्षण मिळावें, हा तिचा हेतु होता. आपल्याकडे धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ती कसोटी मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें रचली. हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९४० सालीं प्रसिद्ध झालें, आणि ‘बिने-कामत कसोटी’ हें नांव पुढें महाराष्ट्रांतील मानसशास्त्राच्या अभ्यासकांना घरचेंच झालें. त्याच सुमारास, १९३७ सालीं, मुंबईंत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या आश्रयानें बालमार्गदर्शनाचें केंद्र सुरू झालें. मुलाचें वागणें हा गुन्हा नसून समजून घेण्याचा विषय आहे, ही दृष्टि घेऊन आपल्या प्रांतांत निघालेली ही पहिली संस्था होय.

परंतु बुद्धिमापनाच्या या पद्धतींत एक अडचण होती. तिचा पुष्कळसा भाग बोलण्यावर उभारलेला असे. परीक्षकानें विचारावें आणि मुलानें उत्तर द्यावें. जें मूल बोलतच नाहीं, किंवा बोलतें परंतु उत्तर म्हणून बोलत नाहीं, त्याच्या बुद्धीचें माप त्या तराजूवर कसें व्हावें? असें मूल सरसकट मंदबुद्धीच्या रकान्यांत जाई. तें निराळेंच आहे, हें कळण्यास कोणा तरी माणसाला त्याच्याकडे दीर्घकाळ पाहत बसावें लागणार होतें.

तें कोणीं केलें? या ठिकाणीं आपल्याला मुंबई-धारवाड सोडून क्षणभर दूर जावें लागेल. मॉस्को येथें ग्रुन्या सुखारेवा या विदुषीनें १९२५ सालींच सहा मुलांचें असें सूक्ष्म वर्णन लिहून ठेविलें होतें, परंतु त्याकडे जगाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९३८ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांतल्या एका लहानशा गांवांतून, बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. लिओ कॅनर यांना एक पत्र आलें. पत्र लिहिणारे गृहस्थ वकील होते, आणि तें तेहतीस पानांचें होतें. आपला पांच वर्षांचा मुलगा काय बोलतो, काय पाठ म्हणतो, कोणत्या वस्तु गरगर फिरवीत बसतो, कोणत्या गोष्टीनें चिडतो, हें सर्व बापानें त्यांत बारकाईनें लिहिलें होतें. त्या मुलाचें नांव डोनाल्ड ट्रिपलेट. डॉ. कॅनर यांनीं त्याच्यासह अकरा मुलें अभ्यासिलीं – आठ मुलगे व तीन मुली – आणि १९४३ सालीं तो प्रसिद्ध निबंध लिहिला. ‘ऑटिझम’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. ग्रीक भाषेंतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून तो स्विस वैद्य ब्लॉयलर यांनीं १९१० च्या सुमारास निराळ्या विकाराच्या संदर्भांत घडविला होता. आपण मराठींत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतों. या इतिहासाचें आद्य साधन कोणत्याहि यंत्रानें दिलेलें नाहीं. तें एका बापाचें पत्र आहे, ही गोष्ट माझ्या मतें फार महत्त्वाची आहे. अशा अवस्थेची पारख ज्यानें निरखून पाहिलें त्याच्या साक्षीनें होते.

हा डोनाल्ड पुढें पदवीधर झाला, पेढींत नोकरी करूं लागला, मोटार चालवूं लागला, जगभर प्रवास करून आला, आणि २०२३ सालीं एकूणनव्वदाव्या वर्षीं आपल्याच गांवीं वारला. त्याला सांभाळून घेणारें गांव त्याच्या वांट्याला आलें होतें. प्रत्येक स्वमग्न माणसाचें आयुष्य असें होईल, असें समजूं नये. कित्येकांना आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते. परंतु नांव मिळणें म्हणजे आशा संपणें नव्हे, एवढें तरी या पहिल्याच उदाहरणावरून सिद्ध होतें.

१९४४ हें साल या कथेंत विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्पेर्गर यांचा अशाच मुलांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. या मुलांच्या अंगच्या विशेष गुणांचें त्यांनीं कौतुक केलें. परंतु तो नाझी अंमलाचा काळ होता. ‘सुधारण्यास अयोग्य’ असा शिक्का ज्यांवर बसे, तीं मुलें व्हिएन्नामधील श्पीगेलग्रुंड या संस्थेंत पाठविलीं जात, आणि तेथें शेंकडों मुलांना मारण्यांत आलें. आस्पेर्गर यांनींहि मुलांना तेथें धाडण्याची शिफारस केली होती, हें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांच्या अभ्यासानें उघड झालें आहे. आणि त्याच १९४४ सालीं मुंबईंत एका वकील आडनांवाच्या पारशी दांपत्यानें, आपल्या मुलीला कोणतीच शाळा घेत नाहीं असें पाहून, स्वतः होऊन अशा मुलांसाठीं शिक्षणाची सोय केली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. पारख दोन्ही ठिकाणीं झाली. एके ठिकाणीं ती मूल काढून टाकण्यासाठीं होती, दुसऱ्या ठिकाणीं मूल जवळ घेण्यासाठीं. ज्या हेतूनें माप हातीं घ्यावें, तसा त्याचा परिणाम होतो.

पुढील वीस वर्षांचा इतिहास मातांच्या दृष्टीनें मोठा दुःखाचा आहे. आईच्या मायेचा ओलावा कमी पडला म्हणून मूल असें झालें, असें पाश्चात्त्य पंडित सांगूं लागले. खुद्द कॅनरहि कांहीं काळ त्या प्रवाहांत वाहवले. या मताला पहिला जोराचा धक्का १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड यांच्या पुस्तकानें दिला. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होतेच, शिवाय स्वमग्न मुलाचे पिताहि होते. १९७७ सालीं इंग्लंडांत सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनीं जुळ्या भावंडांचा अभ्यास करून या अवस्थेचें मूळ मुख्यतः आनुवंशिकतेंत आहे, असें दाखवून दिलें. “आईनें लाडावलें”, “आईनें लक्ष दिलें नाहीं”, “गरोदरपणीं ग्रहण पाहिलें” – आमच्या आळींत आजहि ऐकूं येणारीं हीं वाक्यें शास्त्रानें केव्हांच खोडून काढलेलीं आहेत, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

आतां परत महाराष्ट्रांत येऊं. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रांत डॉ. आर्थर मॅलिन यांनीं दोन मोठीं कामें केलीं. वेक्स्लर यांच्या बुद्धिकसोटीचें त्यांनीं १९६९ मध्यें भारतीय रूप सिद्ध केलें. व्हाइनलंडच्या सामाजिक परिपक्वतेच्या मापालाहि त्यांनींच आपल्याकडचा पेहराव चढविला. हें दुसरें माप मला विशेष वाटतें, कारण त्यांत मुलाची परीक्षा घेत नाहींत. त्याच्या आईला विचारतात. मूल हातानें जेवतें काय, गुंड्या लावतें काय, रस्ता एकटें ओलांडतें काय? तेहतीस पानांच्या त्या पत्रांत जें होतें, तेंच येथें प्रश्नांच्या रूपानें आलें : घरच्या माणसाची साक्ष.

आणि नाशिक? नाशिकमध्यें १९७७ सालीं रजनीताई लिमये यांनीं प्रबोधिनीची शाळा सुरू केली. त्या स्वतः शिक्षिका. आणि त्यांचा स्वतःचा मुलगा अशाच शिक्षणाची गरज असलेला. मूठभर मुलांवर सुरू झालेल्या त्या कार्याचा पुढें मोठा व्याप झाला, आणि शहरांतील कित्येक घरांना त्याचा आधार मिळाला. ती शाळा प्रामुख्यानें बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची. स्वमग्नता ही त्याहून निराळी गोष्ट आहे, जरी दोन्ही कधीं कधीं एकत्र आढळतात. तथापि अशा मुलाकडे कसें पाहावें, हें जाणणारीं माणसें माझ्याच गांवांत, त्या शेऱ्याच्या अकरा वर्षें आधींपासून होतीं. एखादे दिवशीं सायकलवर टांग टाकून मी तेथें गेलों असतों आणि “माझ्या वर्गांत असा असा एक मुलगा आहे” असें विचारलें असतें, तर कोणीं मला हांकलून दिलें नसतें. मी गेलों नाहीं. कारण मला प्रश्नच पडला नव्हता. उत्तर माझ्यापाशीं तयार होतें – मठ्ठ व उर्मट.

शास्त्र मात्र पुढें जात राहिलें. १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत स्वमग्नतेस प्रथमच स्वतंत्र स्थान मिळालें. लोर्ना विंग या इंग्रज विदुषीनें, स्वमग्नता ही एकाच रंगाची नसून सौम्यापासून तीव्रापर्यंत पसरलेली आहे, हा विचार रुजविला; त्याहि स्वमग्न मुलीच्या माता होत्या. २०१३ सालच्या वर्गीकरणानें पूर्वींचीं निरनिराळीं नांवें एकाच छत्राखालीं आणलीं. आपल्या देशांत दिल्लीला १९९१ सालीं मेरी बरुआ यांनीं ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. त्याहि स्वमग्न मुलाच्या आई. कायद्याची गति त्याहून मंद होती. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यांत सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत तिचें नांव आलें, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें एकवीस प्रकारांत तिला स्थान दिलें. प्रमाणपत्र हातांत पडल्याशिवाय सवलत नाहीं, आणि कायद्यांत नांव असल्याशिवाय प्रमाणपत्र नाहीं. तेव्हां मधल्या वर्षांत किती आईबापांनीं कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले असतील, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

आज ही पारख कशी होते, तेंहि थोडक्यांत सांगतों. रक्त तपासून किंवा मेंदूचें चित्र काढून स्वमग्नता ठरत नाहीं. हांकेला ओ देत नाहीं, तर प्रथम कानांची तपासणी करतात. नंतर बालविकासतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि वाचातज्ज्ञ आईवडिलांना जन्मापासूनची हकीकत विचारतात. मूल बोटानें वस्तु दाखवीत असे काय? आपण दाखविलेल्या चिमणीकडे पाहून मग आपल्या तोंडाकडे पाही काय? खोटा खोटा स्वयंपाक मांडी काय? मग मुलाला खेळूं देऊन त्याच्याकडे स्वस्थपणें पाहतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनें भारतीय मुलांसाठीं एक मापनश्रेणी तयार केली आहे. तिच्यांत सहा विभाग व चाळीस मुद्दे आहेत, आणि प्रत्येक मुद्द्यास एक ते पांच गुण. एकूण गुण सत्तरच्या खालीं आले तर स्वमग्नता नाहीं. सत्तर ते एकशेंसहा सौम्य, एकशेंसात ते एकशेंत्रेपन्न मध्यम, आणि त्यापुढें तीव्र. आम्हां मास्तरांना अधिक गुण म्हणजे अधिक हुशारी, असें समजण्याची संवय. येथें अधिक गुण म्हणजे अधिक मदतीची गरज. संवय मोडण्यास हा धडा चांगला आहे.

आमच्या शेजारच्या पालघर येथें २०१३ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकानें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां मुलें तपासावीं अशी योजना आहे, आणि वाढींतील विलंब हाहि त्या तपासणीचा एक भाग आहे. परंतु पथक वर्षांतून एकदां येतें. आई रोज असते, आणि शिक्षक पांच-सहा तास असतो. वर्षादीड वर्षाचें मूल हांकेस ओ देत नसेल, बोटानें दाखवीत नसेल, आलेले शब्द गमावीत असेल, तर “मुलगे उशिराच बोलतात”, “याचे काकाहि चार वर्षांपर्यंत मुके होते” असें म्हणून दिवस दवडूं नयेत. मुलींच्या बाबतींत तर अधिकच सावध असावें, कारण गप्प बसणारी मुलगी आमच्या समाजांत शहाणी ठरते, आणि तिची अडचण झांकली जाते. ज्यांचें बालपण केव्हांच सरलें आहे, अशा पस्तीस-चाळीस वर्षांच्या माणसांचीहि आतां अशी पारख होते, आणि आपण लहानपणापासून असे कां, याचा उलगडा झाल्यानें कित्येकांच्या मनावरचें ओझें उतरतें.

पुष्कळ घरांत नांवाचीच भीति असते. “एकदां कागदावर आलें कीं मुलीच्या लग्नाला अडचण, धाकट्या भावाला अडचण” असें म्हणून आजीआजोबा तपासणी लांबवितात. त्यांच्या भीतीला मी हंसत नाहीं. लोक बोलतात हें खरेंच आहे. परंतु नांव न घेतल्यानें मूल बिनानांवाचें राहत नाहीं. डॉक्टरांनीं नांव दिलें नाहीं तर आळी देते, वर्ग देतो, मास्तर देतो. तें नांव कसें असतें, हें माझ्या हातच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलेलें आहे.

मीं आरंभीं प्रश्न विचारला होता, कीं १९४३ सालचें नांव १९८८ सालच्या वर्गांत कां पोंचलें नाहीं? कायदा मागें होता, शिक्षकांच्या प्रशिक्षणांत हा विषय नव्हता, मापें शहरांतल्या मोजक्या खोल्यांत होतीं – हीं सर्व कारणें खरीं आहेत, आणि माझ्या सोयीचींहि आहेत. परंतु तेहतीस पानें लिहिणाऱ्या त्या वकिलाजवळ तरी कोठें कायदा किंवा प्रशिक्षण होतें? तो मुलाकडे पाहत होता. माझ्यासमोर तो मुलगा दहा महिने होता, आणि मला त्याच्याविषयीं सहा शब्द लिहितां आले.

तें पुस्तक मीं टाकलेलें नाहीं. त्यांतील शेरा खोडण्याचाहि अधिकार मला नाहीं, कारण साधनांत फेरफार करूं नये हा इतिहासाचा नियम आहे. नव्यानें नोकरीस लागलेले शिक्षक कधीं भेटीस आले, तर मी तें त्यांच्या हातीं देतों आणि एवढेंच सांगतों, कीं शेरा लिहिण्यापूर्वीं मूल काय करतें तें आठ दिवस नुसतें लिहून काढा, आणि तो कागद त्याच्या आईला दाखवा. पुढचा रस्ता ती दोघें मिळून शोधतील.